अर्ध्या गुणाची गोष्ट

पेपरात 'दोन्ही पक्षांतली जिच कायम' असा मथळा दिसला की मला हटकून बुद्धिबळ आठवतं. हा शब्द मुळात पटावरचा. राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी झाली की ती जिच. फारसीतून आपल्याकडे आला आणि पटावरून उठून थेट राजकारणात जाऊन बसला. शह-काटशह, प्यादेमात, वजिराची चाल... बुद्धिबळ कधीही न खेळलेला माणूससुद्धा मराठी बोलता बोलता दिवसाला दोन-चार मोहरे हलवत असतो.

आज लिहायचं आहे ते मात्र एका साध्या, हिशेबी प्रश्नावर. डाव बरोबरीत सुटला तर किती गुण द्यायचे? प्रश्न वाटतो शाळेतला, पण त्याच्यावर गेली दीडशे वर्षं भल्याभल्यांनी डोकं खाजवलंय. माझ्यापुढे तो आला तो आमच्या आसगावातून. (आसगाव म्हणजे पवनी तालुक्यातलं, भंडारा जिल्ह्यातलं. गोव्यातल्या आसगावचे फोटो पाहून "तुमचं गाव किती छान हो!" म्हणणाऱ्या मंडळींसाठी हा खुलासा. आमच्याकडे समुद्र नाही, धानाचे बांध आहेत.)

झालं असं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दंडार, रात्रभर नाटक, पाहुणेरावळे, लेकी माहेरी. गेल्या मंडईला गावातल्या पोरांनी त्यात बुद्धिबळाची स्पर्धाही घातली. आसपासच्या गावांतून बत्तीस नावं आली. पाच फेऱ्या, स्विस पद्धत, म्हणजे प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेले समोरासमोर. पहिलं बक्षीस २००१ रुपये, दुसरं १००१. चार फेऱ्यांनंतर चारही डाव जिंकलेली दोन पोरं उरली. पाचव्या फेरीत त्यांची गाठ. भोवती माणसं गोळा झाली, खुर्च्या आल्या, कोणीतरी चहा सांगितला. चहा यायच्या आत अकरा चालींत दोघांनी हात मिळवले. बरोबरी. दोघांचेही साडेचार गुण, बाकी कोणी चाराच्या वर पोचू शकत नव्हतं. बक्षिसं एकत्र करून वाटून घेतली, प्रत्येकी १५०१. भागाकारही कसा नेमका बसला बघा!

त्याच फेरीत तिकडे कोपऱ्यातल्या पटावर सातवीतला एक मुलगा एका प्याद्याने मागे होता. हत्ती आणि प्यादी एवढंच उरलेलं. समोरचा त्याच्या दुप्पट वयाचा. पोरगं अडुसष्ट चाली चिवटपणे झुंजलं आणि डाव बरोबरीत सोडवला. त्यालाही अर्धाच गुण. तो डाव पाहायला एक म्हातारबुवा आणि मी, एवढेच.

रात्री स्पर्धा भरवणाऱ्या पोरांत चर्चा पेटली. माझा पुतण्या त्यांच्यात पुढे असतो. तो म्हणाला, "काकाजी, पुढच्या साली तीन पॉइंटचा हिसाब ठेवला त जमन का? जितला त तीन, बरोबरी त एक. मंग पाहू कोन हात मिरवते त." फुटबॉलमधलं त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, थांब, जरा बघून सांगतो. मग नागपूरला परतल्यावर कितीतरी रविवार यातच गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात घरापासून करू. माझे आजोबा देशी बुद्धिबळ खेळत, ओसरीवर, कापडी पटावर. त्या खेळाचे नियम गावागणिक बदलत. आमच्याकडचे हे असे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. राजाला शह लागण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. आणि मुख्य म्हणजे सगळे विजय सारखे नव्हते! प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. प्रतिपक्षाचे सगळे मोहरे मारून राजा एकटाच उरला तर ती बुर्जी; जिंकल्यासारखं खरं, पण अर्धंमुर्धं, त्यात शान नाही. आणि समोरच्याची कोंडी करून जिच आणणं म्हणजे तर खेळणाऱ्याचाच फूहडपणा, ती चाल परत घ्यायला लावत. म्हणजे आमच्या ओसरीवर निकालांची चांगली उतरंड होती.

एक गोष्ट मात्र त्या ओसरीवर मी कधी पाहिली नाही. दोघांनी मध्येच हात मिळवून "चला, बरोबरी" म्हणून उठणं. का उठतील? बक्षीस नव्हतं, तक्ता नव्हता, पुढची फेरी नव्हती. डाव अडला तर पट तसाच झाकून ठेवायचा आणि उद्या दुपारी पुन्हा बसायचं. ठरवून केलेली बरोबरी हे स्पर्धेचं अपत्य आहे, खेळाचं नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोपी नियम आपल्याकडे हळूहळू शिरले. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं एक पुस्तक छापलं गेलं, संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं, आणि त्याच्या नावातच म्हटलं होतं की यातली कोडी युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेली आहेत. तरी गावोगावच्या ओसऱ्यांवर देशी डाव पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिला. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला १९५१ मध्ये. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला झाली आणि तिचं विजेतेपद आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विभागून मिळालं. पहिलंच विजेतेपद, तेही अर्धं अर्धं!

आता हा अर्धा गुण आला कुठून? माझी समजूत होती की तो बुद्धिबळाइतकाच जुना असणार. तसं अजिबात नाही. १८५१ ची लंडनची स्पर्धा ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा मानतात. ती बाद पद्धतीची होती आणि बरोबरीचे डाव मोजतच नव्हते. १८६२ ला लंडनलाच साखळी पद्धतीची स्पर्धा झाली, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. तिथे बरोबरी झाली की डाव पुन्हा खेळा. पुन्हा बरोबरी? पुन्हा खेळा. लोक थकले.

मग १८६७ साल उजाडलं. त्या एका वर्षात दोन टोकाचे उपाय झाले. पॅरिसच्या स्पर्धेत बरोबरीला शून्य गुण ठेवला, दोघांनाही शून्य, म्हणजे दोघेही हरल्यासारखे. आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडीला ठरलं की पुन्हा खेळणं नको, दोघांना अर्धा-अर्धा गुण देऊन मोकळं करा. आज जगभर चालणारा अर्धा गुण तो हा. म्हणजे आपण ज्याला खेळाचा सनातन नियम समजतो तो खरं तर वेळ वाचवण्यासाठी काढलेला तोडगा होता. रेल्वेच्या वेळापत्रकासारखा.

सगळ्यांना तो लगेच पटला असंही नाही. १८८३ च्या लंडन स्पर्धेत पहिल्या दोन बरोबऱ्या मोजायच्या नाहीत, तिसऱ्यांदा बरोबरी झाली तरच अर्धा गुण, असा नियम होता. १९०१ मध्ये माँटे कार्लोला तर अफलातून हिशेब काढला. बरोबरी झाली की दोघांना पाव-पाव गुण. मग दुसरा डाव. त्यात जो जिंकेल त्याला आणखी अर्धा, आणि तोही बरोबरीत सुटला तर आणखी पाव-पाव. म्हणजे पहिल्याच झटक्यात जिंकलात तर पूर्ण गुण, दुसऱ्या डावात जिंकलात तर पाऊण. शेवटी तक्त्यात पाव, अर्धा, पाऊण असे अपूर्णांक! आमच्या लहानपणी पावकी-निमकी-पाऊणकी पाठ करून घेणारे गुरुजी तिथे पंच म्हणून शोभले असते.

आता गंमत पाहा. हाच विचार शंभरेक वर्षांनी परत आला. नॉर्वे चेस नावाची स्पर्धा भरते, तिथे २०१९ पासून बरोबरी झाली की लगेच एक छोटा निर्णायक डाव खेळवतात. त्याला आर्मागेडन म्हणतात. पांढऱ्याला वेळ जास्त, पण बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरायचं, म्हणजे निकाल लागणारच. २०२५ च्या स्पर्धेत मुख्य डाव जिंकला तर तीन गुण होते, बरोबरीनंतर छोट्या डावात जिंकला तर दीड आणि हरला तर एक. त्याच वर्षी १ जूनला आपल्या गुकेशने मॅग्नस कार्लसनला पहिल्यांदा मुख्य डावात हरवलं आणि कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, ते दृश्य घराघरांत पाहिलं गेलं. शेवटी स्पर्धा कार्लसननेच जिंकली, १६ गुण. कारुआना साडेपंधरा, गुकेश साडेचौदा. माँटे कार्लोचा पाव गुण नवे कपडे घालून आला होता, इतकंच.

आता पुतण्याच्या 'तीन पॉइंट'कडे येऊ. ही कल्पना फुटबॉलची. १९८१ मध्ये इंग्लंडच्या लीगने विजयाला दोनाऐवजी तीन गुण द्यायला सुरुवात केली, १९९४ च्या विश्वचषकात ती आली आणि सगळीकडे रूढ झाली. बुद्धिबळात ती गाजली २००८ पासून, स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेमुळे. जिंकलात तर तीन, बरोबरीला एक. दोघं हात मिळवून उठले तर तिनातला एक गुण हवेत विरतो, म्हणून माणूस लढेल, असा हिशेब.

माणूस लढतो का? एक उदाहरण सांगतो. २०१० ची लंडन चेस क्लासिक, आठ खेळाडू, सात फेऱ्या, तीन-एक-शून्यचा नियम. कार्लसनने चार डाव जिंकले, दोन हरले, एक बरोबरी. विश्वनाथन आनंदने दोन जिंकले, पाच बरोबरीत, हरला एकही नाही. ल्यूक मॅकशेनचंही अगदी आनंदसारखंच. जुन्या हिशेबाने तिघांचेही साडेचार. नव्या हिशेबाने कार्लसन १३, बाकी दोघं ११. पहिला कार्लसन. आणि कार्लसन जे दोन डाव हरला ते कोणाकडून? आनंदकडून आणि मॅकशेनकडूनच!

आता सांगा, न्याय झाला का? एक बाजू म्हणेल, हो, चार डाव जिंकणाऱ्याला मान मिळायलाच हवा. दुसरी म्हणेल, ज्याने तुला हरवलं, जो स्वतः एकदाही हरला नाही, तो तुझ्या मागे? मला दोन्ही बाजू पटतात. पण एक गोष्ट उघड आहे. आनंदच्या त्या पाच बरोबऱ्यांत आमच्या अकरा चालींसारख्या किती आणि आमच्या सातवीतल्या पोरासारख्या झुंजून मिळवलेल्या किती, हे तीन-एक-शून्यला दिसत नाही. ते आंधळं आहे. आळसाला आणि चिवटपणाला तोच दंड.

बरं, ज्यांच्यासाठी हे औषध काढलं त्यांना तरी ते लागू पडलं असतं का? ठरवून केलेल्या बरोबरीचं इतिहासातलं सर्वांत बदनाम प्रकरण म्हणजे १९६२ ची कुरासाव बेटावरची स्पर्धा. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी. सोव्हिएत संघाचे पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघांनी आपापसांतले सगळेच्या सगळे बारा डाव बरोबरीत सोडवले, बरेचसे थोडक्या चालींत. दमले बिचारे बाकीचे. बॉबी फिशरने त्यानंतर अमेरिकेतल्या एका क्रीडा साप्ताहिकात लेख लिहून जाहीर आरोप केला की रशियनांनी संगनमत केलं. एवढा गाजावाजा झाला की जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, पुढच्या वेळेपासून ती साखळी स्पर्धाच बंद करून एकास-एक लढती ठेवल्या.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पेट्रोस्यान : ८ विजय, १९ बरोबरी, पराभव नाही. साडेसतरा गुण. फिशर : ८ विजय, १२ बरोबरी, ७ पराभव. चौदा गुण. विजय दोघांचे सारखेच! आता तीन-एक-शून्य लावा. पेट्रोस्यान २४ अधिक १९, त्रेचाळीस. फिशर २४ अधिक १२, छत्तीस. फिशर तेव्हाही चौथा होता, या हिशेबानेही चौथाच. संगनमत करणारे तिघं तसेच वरती.

उलट धोका वाढलाच असता. कसं ते सांगतो, कारण हे मला स्वतः मांडून पाहिल्यावरच नीट कळलं. दोन मित्र एकमेकांशी दोन डाव खेळणार आहेत. जुन्या पद्धतीत दोन्ही बरोबरी केले तर प्रत्येकी एक गुण. "एक तू जिंक, एक मी जिंकतो" असं ठरवलं तरी प्रत्येकी एकच. म्हणून मुद्दाम हरण्यात काही फायदा नाही. आता तीन-एक-शून्य. दोन बरोबऱ्यांचे प्रत्येकी दोन गुण, पण एकेक डाव एकमेकांना दान केला तर प्रत्येकी तीन! म्हणजे नियम स्वतःच सांगतोय की बरोबरी नका करू, खोटं हरा. अर्ध्या गुणाचं मोठेपण इथे आहे. डावात वाटायला नेहमी एकच गुण असतो. दोघांनी मिळून तो वाढवता येत नाही, कमीही करता येत नाही. डंडीच्या लोकांनी वेळ वाचवायला काढलेला तोडगा नकळत फार शहाणा निघाला.

आणि बरोबरीची किंमत शून्य केली तर? तेही होऊन गेलंय. जगज्जेतेपदाच्या काही लढतींत 'जो आधी सहा डाव जिंकेल तो', बरोबरी मोजायचीच नाही, असा नियम होता. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन खेळले : ३४ डाव, त्यात २५ बरोबरी. १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह बसले ते पाच महिने उठेनात. ४८ डाव, ४० बरोबरी! कार्पोव्ह पाच, कास्पारोव्ह तीन, सहावा विजय काही कोणाला मिळेना. शेवटी १५ फेब्रुवारी १९८५ ला फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी लढत निकालाविना थांबवली. बरोबरीला कवडीची किंमत नव्हती, तरी सहा डावांपैकी पाच बरोबरीत. दोघांनाही हरायचं नसेल तर गुणांचा तक्ता काय करणार?

याच्या उलट उदाहरणही याच नियमांतून मिळतं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. गुकेश आणि डिंग लिरेन, शेवटचा चौदावा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा. पटावर गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण बरोबरीकडे झुकलेली, कंटाळवाणी स्थिती. बरोबरीला नेहमीचाच अर्धा गुण होता. तरी गुकेश रेटत राहिला, समोरच्याला प्रत्येक चालीला विचार करायला लावत राहिला. डिंगची एक चाल चुकली आणि अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला. कोणी त्याला तीन गुणांचं आमिष दाखवलं नव्हतं.

मग उपायच नाही का? आहे, पण तो गुणांत नाही, हात मिळवण्यात आहे. ओसरीवरचं ते वाक्य आठवा : ठरवून केलेली बरोबरी हे स्पर्धेचं अपत्य. खेळातून आपोआप आलेली बरोबरी आणि दोघांनी बोलून केलेली बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला हात लावायचं कारण नाही, दुसरीला वेसण घालायची. हेही अनेकांनी करून पाहिलंय. १९६० च्या दशकात फिडेने तीस चालींच्या आत बरोबरीची बोली करायला बंदी घातली होती, पण खेळाडू तीच ती स्थिती तीनदा आणून सुटका करून घ्यायला लागले आणि नियम मागे पडला. २००५ मध्ये बल्गेरियात सोफियाच्या स्पर्धेने तो अधिक कडक करून परत आणला. खेळाडूंनी एकमेकांशी बरोबरीबद्दल बोलायचंच नाही. पंचाला विचारायचं आणि डावात खरंच काही उरलं नसेल तरच पंच हो म्हणणार. याला 'सोफिया नियम' असंच नाव पडलं. पळवाट याहीमध्ये आहे. बडे लोक आजही चौदा-पंधरा चालींत तीनदा तीच स्थिती आणून घरी जातात. पण निदान त्यासाठी घरून अभ्यास करून यावा लागतो, चहा यायच्या आत उठता येत नाही.

दुसरा उपाय बक्षिसाच्या बाजूचा. आमच्या त्या दोन पोरांचा हिशेब नीट बघा. खेळले असते तर एकाला २००१, दुसऱ्याला १००१. हात मिळवले तर दोघांनाही १५०१. सरासरी तीच, धोका शून्य, आणि घरी लवकर. तीन-एक-शून्य लावलं असतं तर काय झालं असतं? दोघांचे चार विजयांचे बारा अधिक एक, तेरा. मागे चार डाव जिंकून एक हरलेली आठवीतली मुलगी होती, तिचे बारा. म्हणजे दोघं तरीही पहिलेच, आणि १५०१ तसेच! पोरांना मी दोष देत नाही. त्यांनी नियम वाचला आणि आपल्यापेक्षा बरा वाचला.

पण बक्षीस वाटून मिळणार नाही, बरोबरी झाली तर दहा-दहा मिनिटांचे दोन डाव आणि तरी न सुटलं तर आर्मागेडन, असं आधीच सांगितलं असतं तर? मग अकरा चालींच्या बरोबरीने काहीच मिळत नाही, नुसता निकाल पुढे ढकलला जातो. आमच्याच विदर्भातली दिव्या देशमुख आठवा. जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर कोनेरू हंपी. मुख्य दोन्ही डाव बरोबरीत. तिथे ते वाटून घेता येत नव्हतं. २८ जुलैला जलद डाव झाले, पहिला बरोबरीत, दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक घेऊन आली, आणि त्याच विजयाने भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या मुख्य डावांतल्या बरोबऱ्यांना कोणी नाव ठेवलं नाही, कारण त्यांनी कोणाची सुटका झाली नव्हती.

तर पुतण्याला मी कळवलं ते असं. गुण एक-अर्धा-शून्यच ठेवा. तीस चालींच्या आत पंचाला विचारल्याशिवाय हात मिळवायचा नाही. पहिली जागा वाटून मिळणार नाही. तो म्हणाला, "पन तीस चाली नुसतेच घोडे इकडून तिकडं फिरवले त?" मी म्हटलं, बाबा, आपल्याकडची पोरं तीस चाली पटावर शांत राहिली तर त्यांना मी स्वखर्चाने नागपूरला स्पर्धेला नेतो! दहाव्या चालीला कोणाचा तरी वजीर पडतोच.

खरी अडचण वेगळीच निघाली. जलद डावांना घड्याळं लागतात आणि गावात आहेत चार, त्यातलं एक अडखळतं. नियम बदलायला एक रात्र पुरली, घड्याळं मिळवायला वर्ष लागेल. तेव्हा पुण्या-मुंबईच्या आणि नागपूरच्या नातेवाइकांनो, यंदा मंडईला याल तेव्हा मिठाईचा डबा आणू नका. बुद्धिबळाचं एक घड्याळ आणा. जिंकणाऱ्याला त्याचा उपयोग होईलच. पण माझ्या मनात आहे तो त्या सातवीतल्या, आता आठवीत गेलेल्या पोराचा अर्धा गुण. तो त्याला पुरा अर्धाच मिळायला हवा, त्यातला एक कणही कमी नको. अडुसष्ट चाली कमावलाय त्याने.